सवाई जयसिंह महाराज आणि ज्योतिषाचा त्रिवेणीसंगम

इ. स. १७०२ च्या आरंभी औरंगजेब बादशहाच्या फौजेचा वेढा सह्याद्रीतील खेळणा ऊर्फ विशाळगड या दुर्गास पडला होता. त्या अफाट छावणीत आंबेरच्या कछवाहा राजपुतांचे एक पथक होते आणि त्या पथकाचा धनी अवघा तेरा वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी पिता बिशनसिंह निवर्तल्यामुळे गादी आणि बादशाही चाकरी ही दोन्ही ओझी एकदमच त्या कोवळ्या खांद्यांवर येऊन पडली होती. पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंह यांचा हा खापरपणतू, आणि नावही तेच. पुढे सवाई जयसिंह म्हणून जे विख्यात झाले ते हेच. त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ (शके १६१०) या दिवशी आंबेर येथे झाला. बादशहाने या मुलाचे दोन्ही हात धरून आता तू काय करशील असे विचारले असता, लग्नात वर वधूचा एकच हात धरून तिला जन्मभर सांभाळतो, येथे तर दोन्ही हात धरले आहेत, मग मला कसली चिंता, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. त्यावर प्रसन्न होऊन पूर्वजाहून सव्वापट म्हणून बादशहाने त्यास ‘सवाई’ म्हटले, अशी दंतकथा आहे. दंतकथेचा खरेपणा कसाही असो, त्या मुलाचे पुढील आयुष्य मात्र असेच दोन्ही हात दुसऱ्याच्या मुठीत असताना वाट काढण्यात गेले.

१७०७ साली औरंगजेब वारला आणि त्याच्या पुत्रांत तंटा लागला. जयसिंहांनी आझमचा पक्ष धरला. विजय बहादूरशहाचा झाला. परिणामी आंबेर जप्त झाले. राज्य परत मिळविण्यासाठी १७०८ मध्ये जयसिंहांनी जोधपूरचे अजितसिंह आणि उदयपूरचे महाराणा अमरसिंह यांच्याशी सख्य केले. या सख्याचे एक कलम असे होते की महाराण्यांची कन्या जयसिंहांस द्यावी आणि तिला पुत्र झाल्यास वडीलपणाचा विचार न करता गादी त्यासच मिळावी. तीन घराण्यांचे बळ एकत्र आले आणि राज्य हाती आले. त्या कलमाचे काय झाले ते पुढे येईलच.

राज्यकारभाराच्या या धामधुमीत जयसिंहांचे मन लहानपणापासून गणितात आणि ज्योतिषात रमलेले होते. त्यांचे गुरुस्थानी असलेले पंडित जगन्नाथ, ज्यांना सम्राट जगन्नाथ म्हणतात, ते जयपूरच्या परंपरेत महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हणून ओळखले जातात. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी अरबी आणि फारसी या भाषा आत्मसात केल्या होत्या. पंडिताने यावनी भाषा शिकाव्या हे त्या काळी सर्वांस रुचण्यासारखे नव्हते. परंतु ज्या कार्यात गुरुशिष्य पडणार होते त्यास दुसरा इलाज नव्हता.

ते कार्य कोणते व त्याची निकड काय, हे समजण्यासाठी त्या काळच्या ज्योतिषाची स्थिती पाहिली पाहिजे. हिंदुस्थानात सूर्यसिद्धांत, ब्रह्मसिद्धांत आणि आर्यभटाचा सिद्धांत यांना अनुसरणारे सौर, ब्राह्म व आर्य असे तीन पक्ष होते आणि प्रत्येकाची पंचांगे निराळी. मोगल दरबारात समरकंदचा सुलतान उलूघ बेग याच्या वेधशाळेत पंधराव्या शतकात तयार झालेली ग्रहकोष्टके प्रमाण मानली जात. अशा कोष्टकग्रंथास ‘झीज’ म्हणतात. समुद्रापलीकडे युरोपात तिसरीच परंपरा वाढत होती. आकाश एकच असता एकाच दिवशी एकाच ग्रहाचे स्थान हे तिन्ही वेगवेगळे सांगत. मंगळ चार कला इकडे की तिकडे याने सामान्य प्रपंचात काही बिघडत नाही हे खरे. पण चंद्राची गोष्ट तशी नाही. चंद्र आणि सूर्य यांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. चंद्राच्या गणितात केवळ अर्ध्या अंशाची चूक असली तर तिथीचा अंत सुमारे अडीच घटिका, म्हणजे जवळजवळ एक तास, पुढे किंवा मागे सरकतो. अरुणोदयी दशमीचा वेध आहे की नाही यावर ज्यांचे एकादशीचे व्रत अवलंबून आहे त्यांना अडीच घटिका म्हणजे काय हे सांगावयास नको. व्रत करणाराची श्रद्धा कितीही अढळ असली तरी दिवस चुकला तर उपोषण द्वादशीस किंवा दशमीस घडते, आणि गावात दोन पंचांगे असली तर एकाच देवळात दोन एकादश्या होतात. ग्रहणाचे पर्वकाळ, श्राद्धतिथी, संक्रांती, सर्वांचे मूळ तेथेच.

यांतील कोणता पक्ष खरा हा वाद पंडितांच्या सभेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता आणि सभेत तो कधीच मिटणार नव्हता, कारण प्रत्येक पक्ष आपापल्या ग्रंथाच्या बळावर बोलत होता. जयसिंहांनी तिन्ही पक्षांना एकाच साक्षीदारासमोर उभे करण्याचे ठरविले. तो साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष वेध. ही दृष्टी अगदी नवीन होती असे मात्र नाही. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत पाच सिद्धांत शेजारी शेजारी मांडले, त्यांत रोमक आणि पौलिश ही पश्चिमेची नावेही होती, आणि त्यांतील अधिक स्पष्ट कोणता हे सांगण्यास तो कचरला नाही. केरळातील परमेश्वराने पंधराव्या शतकात दीर्घकाळ ग्रहणांचे वेध घेऊन दृग्गणित रचले होते. जयसिंहांजवळ विशेष काय होते, तर एका राजाचे द्रव्य आणि एका राजाचा हट्ट.

प्रथम त्यांनी इस्लामी ग्रंथांत वर्णिलेली पितळी यंत्रे करवून पाहिली. त्यांनी समाधान होईना. यंत्र लहान म्हणून त्यावर कलांचे विभाग करता येत नाहीत. आस झिजतो, मध्य सरकतो, वर्तुळाची पातळी ढळते. आणि चूक ग्रंथाची की यंत्राची हेच कळेनासे होते. तेव्हा त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधण्याचे योजिले. १७२४ च्या सुमारास दिल्लीस पहिली वेधशाळा उभी राहिली. त्यानंतर जयपूर, उज्जयिनी, मथुरा आणि काशी येथे. पाच का, याचे उत्तर त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले आहे: दिल्लीचे वेध दुसऱ्या स्थळांच्या वेधांशी ताडून पाहावे म्हणून. स्वतःच्या यंत्रावर अविश्वास दाखविण्याची ही सोय त्यांनी स्वतःच्याच खर्चाने केली, ही गोष्ट त्यांच्या सर्व इमारतींहून मोठी आहे. उज्जयिनी तर आपल्या सर्व सिद्धांतांची मध्यरेषा. लंकेपासून मेरूपर्यंतची याम्योत्तर रेषा जेथून जाते असे मानून भारतीय ज्योतिषी देशांतराचे गणित करीत आले, ते हे नगर. तेथे यंत्र उभारणे म्हणजे जुन्या गणिताच्या नाभिस्थानीच त्याची परीक्षा घेणे होते.

जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे नव्वद फूट उंच आहे. त्याचा तिरपा कर्ण ध्रुवाकडे रोखलेला असून त्याची छाया दोन्ही बाजूंच्या चापांवर तासाला सुमारे तेरा फूट सरकते. ती चालताना डोळ्यांना दिसते. दोन सेकंदांपर्यंतचे विभाग त्यावर कोरलेले आहेत. अर्थात सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्याने एवढ्या लांबवर छायेची कडा पुसट होते आणि नुसत्या डोळ्यांनी इतकी सूक्ष्मता साधत नाही. जाणता वेधकर्ता दोरी किंवा काडी चापाजवळ धरून तिच्या छायेने कडा निश्चित करतो.

परंतु ज्या यंत्रात जयसिंहांच्या बुद्धीची ओळख पटते ते जयप्रकाश होय. जमिनीत खोदलेल्या दोन अर्धगोलाकार पात्रांचे हे यंत्र म्हणजे उलटे करून ठेवलेले आकाश आहे. वर आडव्याउभ्या ताणलेल्या तारांच्या छेदबिंदूची छाया पात्राच्या आतील भागावर पडते व सूर्य कोठे आहे ते दाखविते. आकाशातील स्थान सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक क्षितिजावरून उन्नतांश व दिगंश मोजण्याची, दुसरी विषुववृत्तावरून क्रांती व नतकाल मोजण्याची. एरवी एकीतून दुसरीत जाण्यास लांबलचक त्रिकोणमिती करावी लागते. जयप्रकाशाच्या पात्रात दोन्ही रीतींची वर्तुळे एकाच पृष्ठावर कोरलेली आहेत. छाया एकच पडते आणि ती दोन्ही भाषांत वाचता येते. वाचणाऱ्याला आत उतरून उभे राहता यावे म्हणून पात्राच्या पृष्ठाचे एकाआड एक पट्टे कापून तेथे वाट ठेवली आहे. मग छाया त्या मोकळ्या जागी पडली तर? म्हणून दुसरे पात्र. पहिल्यात जेथे वाट आहे तेथे दुसऱ्यात दगड आहे, आणि दुसऱ्यात जेथे वाट तेथे पहिल्यात दगड. प्रत्येक पात्र अर्धेच आहे. पहिल्यातील छाया नाहीशी होते त्याच क्षणी ती दुसऱ्यात उमटते. जयपूरच्या यात्रेकरूंनी हवामहालापुढील गर्दीतून थोडा वेळ काढून हे एक यंत्र तरी अवश्य पाहावे.

यंत्रे बांधणे द्रव्याने होते. ग्रंथांना एकमेकांशी बोलावयास लावणे त्याहून कठीण. युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ हे दोन्ही मूळ ग्रीक. तेराव्या शतकात नासिरुद्दीन तूसी याने त्यांची अरबी संस्करणे केली होती. जगन्नाथ पंडितांनी त्यांवरून १७१८ च्या सुमारास ‘रेखागणित’ आणि १७३२ मध्ये ‘सम्राट्सिद्धांत’ हे संस्कृत ग्रंथ रचले. रेखागणित उघडून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. त्यातील आकृतींच्या बिंदूंना क, ख, ग अशी नावे नसून अ, ब, ज, द अशी आहेत. हा अरबी लिपीतील ‘अबजद’ क्रम. ग्रीक अक्षरांचा क्रम अरबांनी आपल्या अक्षरांत आणला, तो जगन्नाथांनी नागरीत जसाच्या तसा ठेवला. आपला वर्णक्रम घालणे पंडितांस अशक्य होते काय? परंतु तसे केले असते तर मूळ अरबी ग्रंथ आणि संस्कृत ग्रंथ शेजारी ठेवून एकच आकृती दोन विद्वानांस पाहता आली नसती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका यवनाने मांडलेला त्रिकोण भाषेमागून भाषा ओलांडीत आला आणि त्याचे कोन व अक्षरे दोन्ही शाबूत राहिली. दुसरीकडे, हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, परंपरेने भूतलावर आले, मध्यंतरी लुप्त झाले आणि जयसिंहांच्या आज्ञेने पुन्हा प्रकट होत आहे, असे जगन्नाथांनी आरंभी सांगितले आहे. आधुनिक वाचक यास परक्या ग्रंथाला आपले गोत्र लावणे म्हणेल. ते तसे आहेही. मात्र त्यावाचून तो ग्रंथ त्या काळच्या पाठशाळेच्या उंबरठ्याच्या आत आला असता की नाही, याचाही विचार टीका करणाराने करावा.

जगन्नाथांप्रमाणेच नयनसुख उपाध्याय या पंडितांनी थिओडोसियसचा गोलविषयक ग्रंथ आणि तूसीच्या ज्योतिषग्रंथातील एक अध्याय बिर्जंदीच्या टीकेसह संस्कृतात आणला. या दुसऱ्या कामात अरबी मजकूर महंमद आबिदा याने समजावून सांगावा व नयनसुखांनी संस्कृतात लिहावा असा क्रम होता. दोघांपैकी एकासही दुसऱ्याची भाषा पूर्ण येत नव्हती असे अनुवादाच्या धाटणीवरून वाटते. कित्येक ठिकाणी अरबी पारिभाषिक शब्द संस्कृत विभक्ती लावून तसेच ठेवलेले आहेत. आणि तो अध्याय साधा नव्हता. दोन वर्तुळांच्या फिरण्यातून सरळ रेषेतील गती कशी निघते ही तूसीची युक्ती त्यात आहे, आणि तीच युक्ती कोपर्निकसाच्या ग्रंथातही आढळते. गुजरातचे केवलराम ज्योतिषराय, फारसीत लिहिणारा खैरुल्ला (ताजमहालाचा मुख्य स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा नातू), नगररचनेत प्रवीण बंगाली विद्याधर भट्टाचार्य, अशी मंडळी त्या दरबारी एकत्र होती. कोणालाही आपला पक्ष सोडावयास सांगितलेले नव्हते.

या सर्व उद्योगाचे फळ म्हणजे ‘झीज महंमदशाही’ हा फारसी ग्रंथ. तो बादशहा महंमदशहा यास अर्पण केलेला आहे. हिंदू राजाने फारसीत ग्रंथ लिहवावा आणि स्वतःच्या पदरचे पंडित संस्कृतात लिहीत असताना लिहवावा, यात विसंगती नाही. समरकंदपासून ढाक्यापर्यंतचा ज्योतिषी ज्या भाषेत वाचीत होता ती भाषा फारसी होती. निरनिराळे शक एकमेकांत कसे बदलावे, हिजरी सन व विक्रम संवत यांचा मेळ कसा घालावा, येथपासून या ग्रंथाचा आरंभ होतो. ग्रंथाची थोरवी सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यातील ताऱ्यांची यादी नव्याने वेध घेऊन केलेली नसून उलूघ बेगच्या यादीतील भोगांत अयनगतीचे चार अंश आठ कला मिळवून तयार केलेली आहे. एवढी यंत्रे हाताशी असता असे का व्हावे, याचे वाचकास आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

युरोपात ज्योतिषाचे नवे काम चालले आहे हे जयसिंहांच्या कानी आले होते. ऐकीव माहितीवर न थांबता त्यांनी आग्रा येथील जेझुइट पाद्री मॅन्युएल दि फिगेरेदो यांच्यासमवेत काही माणसे पोर्तुगालच्या राजाकडे पाठविली. गोव्याच्या मार्गे ही मंडळी १७२९ साली लिस्बनला पोहोचली आणि १७३१ च्या सुमारास जयपुरास परतली. परदेशी शास्त्र शिकण्याकरिता हिंदुस्थानच्या राजाने युरोपात शिष्टमंडळ पाठविल्याची उदाहरणे त्या काळात फार विरळा. त्यांच्याबरोबर फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची छापील कोष्टके आली आणि ती समजावून देण्यास पेद्रो द सिल्व्हा आला. १७३४ मध्ये चंद्रनगरहून फ्रेंच पाद्री पाँस आणि बूदिए हेही आले. युरोपची कोष्टके म्हणून जयसिंहांनी त्यांचा जयजयकार केला नाही, आणि म्लेंच्छांची म्हणून त्यागही केला नाही. त्यांनी ती आकाशाशी ताडली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली; ग्रहणाच्या वेळेत पाव घटिका, म्हणजे पंधरा पळे, इकडेतिकडे होऊ लागली. युरोपीयांची यंत्रे आपल्याएवढी मोठी नाहीत हे त्याचे कारण असावे असे त्यांनी ठरविले.

निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचे. युरोपीय वेधकर्ते दुर्बिणीतून निशाण साधीत होते. मोठेपणाची उणीव त्यांनी काचेने भरून काढली होती. चंद्राचे गणित चुकत होते ते चंद्राची गतीच अवघड म्हणून, आणि पुढे १७५० नंतर मायर नावाच्या जर्मन गणितज्ञाने ती अडचण पुष्कळशी दूर केली. जयसिंहांजवळ दुर्बिणी होत्या. शुक्राच्या कला, गुरूचे चार चंद्र, सूर्यावरील डाग यांची नोंद त्यांच्या ग्रंथात आहे. पण दुर्बीण पाहण्याचे साधन राहिली, मोजण्याचे झाली नाही. केप्लरचा दीर्घवर्तुळाचा सिद्धांत आणि न्यूटनचे गुरुत्वाकर्षण यांचा तर त्यांना पत्ताही लागला नाही. त्यांना भेटलेले पाद्री रोमच्या आज्ञेत होते. कोपर्निकसाचा पक्ष तेथे निषिद्ध ठरला होता, आणि ला हीरच्या कोष्टकांत नुसते आकडे होते, त्यांमागील कल्पना नव्हत्या. तीन परंपरांचा मेळ घालू पाहणाऱ्या राजास तिसऱ्या परंपरेचे केवळ बाह्यांग हाती आले. दुसऱ्याचे शास्त्र त्याच्या दूताच्या मुखातून ऐकावे लागले की दूत जे गाळील ते आपोआप गळते. यात जयसिंहांचा दोष थोडा आणि दैवाचा अधिक. तरीही एवढा मोठा उद्योग आणखी तीस वर्षे चालता तर काय झाले असते, हा विचार मनास चटका लावतो.

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूर नगराचा पाया घातला गेला. त्या तिथीस उत्तरेत पौष कृष्ण प्रतिपदा म्हणतात. आपल्या अमान्त गणनेने तीच मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा होते. महिना दोन, तिथी एक, आणि चंद्रास त्याचे काहीच नाही. विद्याधरांच्या आखणीप्रमाणे नऊ चौकांचे ते नगर वसले आणि वृंदावनाहून आलेली गोविंददेवाची मूर्ती राजवाड्याच्या बागेत विराजमान झाली. जयसिंह स्वतः परम वैष्णव. १७२० मध्ये जिझिया कर उठविण्यासाठी बादशहाकडे रदबदली करणाऱ्यांत ते प्रमुख होते. पुढे त्यांनी अश्वमेधही केला.

मात्र जी उदारता त्यांनी ज्योतिषाच्या मतांस दाखविली ती वैष्णव पंथांच्या बाबतीत त्यांना साधली नाही. प्रत्येक पंथाने रामानुज, मध्व, निंबार्क, विष्णुस्वामी या चार संप्रदायांपैकी एकाशी आपला संबंध दाखवावा, स्वतःचे ब्रह्मसूत्रभाष्य दाखवावे, विरक्तांनी अमुक रीतीने राहावे, असा त्यांचा आग्रह होता. हेतू सर्वांना एका शिस्तीत आणण्याचा. गौडीय पंथाजवळ ब्रह्मसूत्रांवर वेगळे भाष्य नव्हते. गलत्याच्या सभेत त्यांना ते विचारले गेले आणि त्यातून बलदेव विद्याभूषणांचे गोविंदभाष्य निर्माण झाले, अशी परंपरा आहे. एक थोर भाष्य जगास मिळाले ही जमेची बाजू. पण ज्यांना या चौकटीत बसणे मानवले नाही अशा काही भक्तमंडळींना वृंदावन सोडावे लागले. ग्रहांच्या मतभेदास आकाश साक्षी होते. उपासनेच्या भेदास असा बाहेरचा साक्षी कोणता आणावयाचा? तेथे राजाज्ञेने मेळ घालावयास जाता दुखावणेच अधिक झाले.

दक्षिणेशी जयसिंहांचा संबंध खेळण्याच्या वेढ्यापुरता राहिला नाही. माळव्याची सुभेदारी त्यांच्याकडे तीनदा आली आणि मराठ्यांचे वाढते बळ त्यांनी जवळून पाहिले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस गेल्या तेव्हा जयपुरास त्यांचा मोठा आदरसत्कार झाला. पुढल्याच वर्षी बाजीराव आणि जयसिंह यांची किशनगडजवळ भेट झाली. मराठ्यांशी लढून दिल्लीचे भले होणार नाही, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे जयसिंहांचे मत होते आणि त्यासाठी दरबारात त्यांना बोल लावला गेला. १७४१ साली त्यांच्याच मध्यस्थीने माळव्याचा कारभार बाळाजी बाजीराव पेशव्यांकडे रीतसर आला. उज्जयिनीची वेधशाळा अशा रीतीने लवकरच मराठी अंमलाखाली गेली.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंह निवर्तले. लगोलग १७०८ च्या त्या कलमाने डोके वर काढले. थोरले ईश्वरीसिंह गादीवर बसले; उदयपूरच्या राजकन्येचे पुत्र माधोसिंह यांनी कराराप्रमाणे हक्क सांगितला. सात वर्षे भावांत युद्ध चालले, होळकर आणि शिंदे त्यात ओढले गेले, आणि १७५० च्या डिसेंबरात, मराठी फौज जवळ आली असता, ईश्वरीसिंहांनी आत्मघात केला. राज्य वाचविण्यासाठी जी तीन बळे एकत्र आणली त्यांच्याच गाठीने घराचा गळा आवळला गेला. वेधशाळांकडे पाहण्यास कोणास सवड उरली नाही. पंडितमंडळी पांगली. मथुरेची यंत्रे एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली, दिल्लीची भग्न झाली, काशीची मानमंदिराच्या गच्चीवर ऊन खात राहिली.

जयपूरच्या यंत्रांचा जीर्णोद्धार १९०१-०२ मध्ये झाला. गॅरेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या त्या कामात जे पंडित साहाय्यास होते त्यांत चंद्रधर शर्मा गुलेरी होते. हिंदी वाचकांना ते कथालेखक म्हणून ठाऊक आहेत, पण पंडितांच्या घराण्यात वाढलेला हा तरुण त्या वेळी जुन्या संस्कृत ग्रंथांवरून यंत्रांचे विभाग लावीत होता. उज्जयिनीस क्षिप्रेच्या काठी पडझड झालेली यंत्रे १९२३ च्या सुमारास ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करविली आणि गोविंद सदाशिव आपटे या महाराष्ट्रीय ज्योतिर्विदांनी ती पुन्हा वेधास योग्य केली. जिवाजी वेधशाळा या नावाने ती ओळखली जाते आणि तेथून ग्रहस्थितीचे वार्षिक पंचांग प्रसिद्ध होत आले आहे. आपटे यांनी स्वतः दृक्‌प्रत्ययाच्या आधारे संस्कृतात करणग्रंथ रचला. बापूदेव शास्त्री, केरूनाना छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पंचांगशोधनाची जी खटपट केली तिच्यातील प्रश्न तेच होते जे जयसिंहांपुढे होते: ग्रंथ राखावा की आकाश. दृक्‌पक्षाची पंचांगे प्रचारात येऊन शंभर वर्षांवर काळ लोटला, तरी तिथी पासष्ट घटिकांहून वाढू नये व चोपन्नांहून घटू नये हे जुने प्रमाण धरणारे आणि प्रत्यक्ष चंद्र पाहून ती सदुसष्टांपर्यंत वाढते व पन्नासांपर्यंत घटते असे म्हणणारे, असे दोन पक्ष काही क्षेत्रांत अद्याप नांदतात.

जयपूरची वेधशाळा २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. आषाढी पौर्णिमेस सूर्यास्ताच्या वेळी तेथील ज्योतिषी सम्राट यंत्राच्या माथ्यावर ध्वज घेऊन चढतात आणि वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहून पावसाचे भाकीत सांगतात. उज्जयिनीस दक्षिणायनाच्या सुमारास मध्यान्ही शंकूची छाया जवळजवळ नाहीशी होते. ती पाहावयास शाळेतील मुले शंकूभोवती कडे करून उभी राहतात.